अर्ध्या अंशाची काच

काचमामांना ‘जरा’ हा शब्द खपत नसे. “मामा, ही कड जरा घासून द्या,” असं कुणी म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “जरा म्हणजे किती?” समोरच्याला आकडा सांगता आला नाही तर त्याची दारातूनच पाठवणी व्हायची. आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवलेली अकरा माणसं होती, आणि त्यांच्यातल्या एकाचीही मामांच्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहायची छाती नव्हती. मीही सुरुवातीला दोनदा परत आले होते. तिसऱ्यांदा आकडा घेऊन गेले.

ती खोली तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात होती. खिडकीखाली एक दगडी कट्टा, त्यावर लोखंडी तबकडी, बाजूला एमरी पावडरचे डबे जाड-बारीक असे ओळीनं लावलेले. पाण्यात कालवलेली पावडर तबकडीवर पसरायची, काचेची चकती तिच्यावर पालथी घालायची आणि बोटांनी गोल गोल घासायची. दर दहा फेऱ्यांनी चकती पाव वळण फिरवायची, म्हणजे कुठलीच बाजू जास्त झिजत नाही. मामा हे एकेचाळीस वर्षं करत होते. बोलता बोलता, शिव्या देता देता, रेडिओ ऐकता ऐकता त्यांची बोटं आपोआप चकती फिरवायची.

त्यांची परीक्षाही साधी होती. तयार चकती नाकासमोर धरून ते तिच्यात छताच्या दिव्याचं प्रतिबिंब बघत. काचेला बाजू दोन, म्हणून प्रतिबिंबंही दोन पडतात. दोन्ही बाजू अगदी समांतर असल्या तर दोन दिवे एकमेकांवर बसतात आणि एकच दिसतो. एक दिवा दिसला की काच झाली. आपली काच चुकली असं ते कधी म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा एक भिंग तडकलं तेव्हा त्यांनी पंख्याला दोष दिला आणि चौकशीअंती खरोखर पंखाच दोषी निघाला. असल्या माणसाशी वाद काय घालणार!

आमची खरी गाठ पडली ती एका नळकांड्यामुळे. शहराचं सांडपाणी उपसणाऱ्या एका पंपघरात सात माणसं कामाला होती. पंपात चिंध्या अडकल्या की त्यांच्यातला एक जण कमरेला दोर बांधून शिडीनं विहिरीत उतरायचा. त्या विहिरीत सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू साठतो. थोडा असेल तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. मग तो दोन पायऱ्या आणखी खाली उतरतो. मामांचा थोरला त्या सात जणांपैकी एक होता. मामी जाऊन पाच वर्षं झाली होती, धाकटी लग्न होऊन लांब गेली होती, घरात हे बापलेक दोघंच.

मशीन मी बनवलं. विहिरीतली हवा पंपानं खेचून नळकांड्यातून न्यायची आणि त्याच्या एका टोकातून लेसरचा किरण सोडायचा. किरणाचा रंग अगदी किंचित पुढे-मागे सरकवत राहायचा. त्यातला एक ठरावीक रंग हा वायू गिळतो, आणि पडद्यावरच्या रेघेत तिथे खळगा पडतो. खळगा जितका खोल तितका वायू जास्त, आणि ठरावीक खोलीच्या पुढे गेला की भोंगा वाजतो. नळकांड्याच्या दोन्ही टोकांना काचेच्या चकत्या. त्यांचं ड्रॉइंग माझंच. कॅटलॉगात जितकी समांतर काच तितकी ती वरच्या दर्जाची असं मांडलेलं होतं, म्हणून मी ‘दोन्ही बाजू शक्य तितक्या समांतर’ असं लिहून खाली रेघ ओढली. मामांनी ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बसायला स्टूल दिलं.

पंपघरात बसवल्यावर आठवड्याभरात मशीन वेडंवाकडं वागायला लागलं. विहीर स्वच्छ असताना भोंगा वाजायचा. सकाळी ऊन पत्र्यावर आलं की वाजायचा, उन्हं कलली की गप्प बसायचा. माणसांनी त्याचं नाव ‘भुंक्या’ ठेवलं. मी जाऊन सॉफ्टवेअर बदललं. एकदा मोजण्याऐवजी हजारदा मोजून सरासरी घेतली. सरासरीनं उडता गोंधळ मरतो, पण हा गोंधळ उडता नव्हताच, ठाण मांडून बसलेला होता. ते कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. तीनदा गेले आणि तीनदा मुकादमाला छातीठोक सांगितलं, “आता बरोबर आहे.” तीनही वेळा दुसऱ्या दिवशी भुंक्या भुंकला.

असं वर्षभर चाललं, आणि एका सकाळी कंटाळून मुकादमानं भोंग्याची वायर उपटली. त्याच दुपारी त्याचा सख्खा धाकटा भाऊ विहिरीत उतरला आणि वायू लागून शिडीवरून खाली पडला. त्याला दोरानं वर ओढणाऱ्यांत मामांचा थोरला होता. ते दोघं रोज एका डब्यात जेवायचे. वर आणेपर्यंत काही उरलं नव्हतं.

चौकशीत ‘पुरेशी काळजी घेतली गेली नाही’ असं लिहिलं गेलं. कुणाची काळजी, कुणी घ्यायची, ते लिहिलं नाही. वायर परत जोडण्याचा हुकूम निघाला, ती जोडलीही, पण भोंग्याकडे लक्ष कोण देणार? लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची जी गत, तीच माझ्या मशीनची. शेवटी वरून पत्र आलं, महिनाअखेरीपर्यंत मशीन सुधारलं नाही तर काढून टाका.

त्या महिन्यात मामा रोज सकाळी जिना चढून माझ्या टेबलाशी यायचे. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी यायचे.

“भुंकलं का आज?”

“भुंकलं, मामा.”

“खरं का खोटं?”

मला सांगता यायचं नाही. ते मान हलवून परत जिना उतरायचे. थोरला तोवर कामावर पोचलेला असायचा. मला फोनची भीती वाटायला लागली होती. घरी नवऱ्यानं काही विचारलं तर मी त्याच्या अंगावर ओरडायचे.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं ते निव्वळ वैतागातून. तसलंच दुसरं नळकांडं माझ्या टेबलावर होतं, आत शुद्ध नायट्रोजन, म्हणजे वायूचा कणही नाही. मी त्याच्या टोकाला हात ठेवून डोकं टेकलं होतं. वर बघते तर आकडा चढत होता. हात काढला, आकडा उतरला. पुन्हा ठेवला, पुन्हा चढला. माझ्या तळहाताच्या उबेला मशीन विषारी वायू म्हणत होतं!

मग सगळं उलगडलं. चकतीच्या दोन बाजू इतक्या समांतर होत्या की किरण काचेच्या आतच आरशासारखा पुढे-मागे आपटत राहायचा आणि मूळ किरणात मिसळून रेघेवर बारीक लाटा उठवायचा. काच थोडी तापली की लाटा सरकायच्या. लाटेचा उतार खळग्याच्या जागी आला की मशीनला वाटायचं वायू आहे. आणि चढ आला तर खरा खळगाही त्यात बुजून जायचा. म्हणजे भोंगा गप्प असतानाही विहिरीत वायू असू शकत होता. उपाय अर्ध्या ओळीचा होता. काच वाकडी हवी. एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा अंश कलती, म्हणजे आपटलेला किरण भलतीकडे निघून जातो. आमच्या धंद्यातल्या जाणत्यांना हे ठाऊक असतं. मला नव्हतं.

मी तळमजल्यावर गेले. काय बोलायचं ते जिन्यात चारदा घोकलं होतं.

“मामा, घोटाळा काचेतला आहे.”

“कमी पडली?”

“जास्त पडली. इतकी समांतर नको होती.”

त्यांनी बोटं पुसली. मी सगळं सांगितलं, लाटा, ऊब, सगळं. ते ऐकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी घाईघाईनं म्हटलं, “चूक माझी आहे, मामा. ड्रॉइंग माझं होतं.”

“ड्रॉइंग कागदावर असतं,” ते म्हणाले. “माझा पोरगा त्या काचेच्या भरवशावर उतरतोय.”

कपाटात कोऱ्या चकत्या आठ होत्या. नव्या मागवल्या तर चार महिने लागणार, आणि महिनाअखेर सतरा दिवसांवर. मामांनी त्याच दुपारी पहिली चकती घेतली, एका कडेवर जोर देऊन घासायला बसले. संध्याकाळी मोजली. चकती बरीच बारीक झाली होती आणि तंतोतंत समांतर होती. बोटांनी दर दहा फेऱ्यांनी तिला फिरवलं होतं, मामांना न विचारता. दुसरी घेतली. तिच्या कडेवर पेन्सिलीनं खूण केली, खूण हलू द्यायची नाही म्हणून डोळ्यांत तेल घालून बसले. तासभर जमलं. मग खोकला आला, लक्ष खोकल्याकडे गेलं आणि बोटांनी आपलं काम उरकून घेतलं. तिसरी, चौथी, पाचवी तशीच गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण इथे खोड मोडली नाही तर मरणार दुसराच होता.

सहावी चकती त्यांनी दिव्याखाली धरली तेव्हा मी दारात होते. एकच दिवा दिसला. त्यांनी चकती खाली ठेवली आणि तबकडीच्या काठावर कपाळ टेकलं. मला वाटलं चक्कर आली. पण ते रडत होते, आवाज न करता, आणि कपाळाला एमरीचा राखाडी चिखल लागत होता.

“हात तोडून टाकावेसे वाटतात,” ते म्हणाले. “पोरी, दोनच उरल्या.”

‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले होते मी. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी घासते.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्हाला काय येतंय?”

“काहीच येत नाही. म्हणून तर म्हणते.”

मग पुढचे सहा दिवस मी घासलं. मामा शेजारी स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. “डाव्या अंगठ्यानं दाबा. सरळ रेषेत. अहो, पोळपाटावर आहे का ती? हळू!” मी चकती फिरवत नाही हे त्यांना सहन व्हायचं नाही. दर दहा फेऱ्यांनी त्यांचे खांदे आपसूक हलायचे. माझ्या हातानं काम भोंगळ झालं, कडेला दोन टवके उडाले, पण शेवटी त्यांनी दोन्ही चकत्या एकेक करून नाकासमोर धरल्या तेव्हा प्रत्येकीत दिवे दोन दिसले, एकमेकांपासून चांगले लांब. त्यांनी दोन्ही पुसून ठेवल्या. “झाली,” म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दोन दिव्यांना ते ‘झाली’ म्हणत होते.

टेबलावर रेघ सपाट आली. तळहात ठेवला, गरम हवा मारली, आकडा हलला नाही. मोजून आणलेला वायू सोडला तर तितकाच दाखवला. महिना संपायला दोन दिवस होते. मामा म्हणाले, मी पण येतो.

आम्ही पंपघरात चकत्या बसवल्या आणि मशीन चालू करून तास झाला नसेल तोच भोंगा वाजला.

मुकादम पलीकडून ओरडला, “आला बघा भुंक्या परत!” माणसं हसली. मोठा पंप सकाळपासून अडकलेला होता, पाणी चढत होतं, कुणाच्या तरी घरात शिरलं म्हणून फोनवर फोन येत होते. थोरल्याच्या कमरेला दोर होता आणि एक पाय शिडीवर.

“थांबा, हे खरं आहे,” मी म्हटलं. “काच नवीन आहे. माझ्याजवळ या वायूनं काळा पडणारा कागद आहे, दोरीनं खाली सोडते. दहा मिनिटं द्या.”

“मॅडम, मागे तीनदा हेच म्हणालात तुम्ही,” मुकादम म्हणाला. “दहा मिनिटांत पाणी कुठवर जाईल माहीत आहे? उतर रे तू.”

थोरल्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. दुसरा पाय शिडीवर ठेवला. माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती.

“काच मी चुकवली होती,” मामा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण मामांना ती सगळी माणसं ओळखत होती. हा म्हातारा कधी माघार घेत नाही हे थोरल्याच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. 

“दीड वर्ष मशीन खोटं बोलत होतं ते माझ्या काचेमुळं. मॅडमचं काही चुकलं नाही. माझं काम चुकलं. आता ती काच काढून टाकलीय. आजचा भोंगा खरा आहे. वर ये.”

थोरला शिडीवरच थांबला. मुकादम मामांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. “म्हणजे मी वायर उपटली ती…”

“हो.”

“आणि माझा भाऊ?”

मामांनी नजर चुकवली नाही. “हो,” म्हणाले.

मी तिथेच होते, चार पावलांवर. तोंड उघडायचं होतं, नाही उघडलं. मूग गिळून कागद दोरीला बांधत राहिले. कागद खाली सोडला, दहा मिनिटांनी वर ओढला. तो कोळशासारखा काळा झाला होता. त्या दिवशी कुणी विहिरीत उतरलं नाही. थोरल्यानं कमरेचा दोर सोडला, बापाकडे न बघता त्याच्या शेजारून निघून गेला.

परतताना गाडीत मी म्हटलं, “उद्या जाऊन खरं सांगते.”

“सांगू नका.”

“मामा, तुम्ही ड्रॉइंगबरहुकूम काच केली होती.”

“ते मला माहीत नाही का? माझी काच कधी चुकली नाही.” ते खिडकीबाहेर बघत होते. “काच चुकली तर काच बदलता येते, मॅडम. बदलली की लोक विश्वास ठेवतात. मशीन बनवणारीचं डोकंच चुकलं असं कळलं तर उद्या परत वायर उपटतील. पोरगा रोज उतरतो. गप्प राहायचं.”

मी गप्प राहिले. त्या गप्प बसण्यात माणसांची काळजी किती आणि माझी कातडी वाचवणं किती, हे मला आजही मोजता येत नाही, आणि मोजणं हाच तर माझा धंदा.

तीन आठवड्यांनी थोरला प्रयोगशाळेत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. “मॅडम, एकच विचारतो. बाबांच्या काचेमुळंच झालं ना?”

त्या आठवड्यात भोंगा दोनदा वाजला होता आणि दोन्ही वेळा सगळी माणसं वर थांबली होती.

“काच त्यांचीच होती,” मी म्हटलं.

चौकशी पुन्हा उघडली, मामांना कामावरून कमी केलं. मुकादमाच्या घरच्यांनी त्यांच्या दारात जाऊन नको नको ते ऐकवलं. मी कधी भेटायला गेले तर ते मशीनची विचारपूस करायचे. रेघ सपाट आहे का? आकडा सरकत तर नाही? थोरला घरात असला तर आतल्या खोलीत असायचा. चार वर्षांनी मामा गेले. शेवटी दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, बोटं चादरीवर गोल गोल फिरत होती.

पुढच्या वर्षी पंपघरात वरून उचलता येणारे पंप आले. विहिरीत उतरणं कायमचं बंद झालं. माझं मशीन काढून गोदामात टाकलं, आणि मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. मी थोरल्याच्या घरी गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कॅटलॉग, ड्रॉइंग, गाडीतलं बोलणं, काही गाळलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो चिडेल, हाकलून देईल. मला ते हवंच होतं.

“चार वर्षं मी ताट घेऊन आतल्या खोलीत जेवलो,” तो म्हणाला. “ते बाहेर एकटे जेवायचे. रोज.”

मी जायला वळले.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे आता मला कशाला सांगितलंत?”